जर्मनीत आश्रयाचा अर्ज प्रलंबित असताना काय करता येतं, काय नाही?

इसारकाठची (१६ नोव्हेंबर २०२४)

आउग्सबुर्गजवळच्या एका सामूहिक निवासात एक अफगाण कुटुंब आहे: नवरा, बायको, दोन शाळकरी मुली. पेशावरला बरीच वर्षं काढल्यामुळे ते उर्दू बोलतात, त्यामुळे आमचं हिंदीवर भागतं. जर्मनीत येऊन ७ महिने झाले, स्वागत केंद्रातून इथे येऊन २. बाम्फची (आश्रयाचे अर्ज तपासणारं केंद्रीय कार्यालय) मुलाखत अजून झालेली नाही. त्यांचे प्रश्न असे: हॅम्बुर्गच्या चुलतभावाकडे आठवडाभर जाता येईल का? एका बेकरीत काम मिळतंय, सोमवारपासून लागलं तर चालेल का? आणि मुलाखतीपर्यंत आणखी काय सांभाळायचं? स्वयंसेवक म्हणून मी यात कुठवर पडावं, हेही सांगा.

लेखकोरेगाव

आधी त्यांच्या हातातला कागद उघडा. आउफएंटहाल्ट्सगेश्टाटुंग म्हणजे अर्जाचा निकाल लागेपर्यंत राहायची मुभा. फोटोखाली किंवा आतल्या पानावर बारीक अक्षरात अटी छापलेल्या असतात. त्यात तीन गोष्टी शोधा: फिरण्यावर मर्यादा आहे का, राहण्याचं ठिकाण कोणतं लिहिलंय आणि कामाबद्दल काय म्हटलंय. प्रत्येकाचा कागद वेगळा वाचा, नवऱ्याचा वाचला म्हणजे बायकोचा वाचला असं होत नाही.

फिरण्याची मर्यादा साधारण ३ महिन्यांनी उठते. पण स्वागत केंद्रात राहणं बंधनकारक असेपर्यंत ती कायम असते. हे कुटुंब तिथून बाहेर पडलंय, त्यामुळे कागदावर वेगळी अट नसेल तर हॅम्बुर्गला पाहुणे म्हणून जाता येईल. राहायला मात्र जाता येणार नाही. सरकारी मदतीवर असलेल्यांना नेमून दिलेल्या पत्त्यावरच राहावं लागतं, आणि ही अट फिरण्याच्या मर्यादेपेक्षा वेगळी आहे. लोक दोन्हींची गल्लत करतात. निघण्यापूर्वी निवासाच्या व्यवस्थापकाला जायची-यायची तारीख लेखी द्या, नाहीतर खोली रिकामी दिसली की 'बेपत्ता' अशी नोंद होऊ शकते.

मर्यादा लागू असताना विनापरवाना हद्द ओलांडली तर पहिल्यांदा दंड (२,५०० युरोपर्यंत), पुन्हा केलं तर फौजदारी गुन्हा. अधिकाऱ्यांनी किंवा कोर्टाने हजर राहायला बोलावलं असेल तर परवानगी लागत नाही.

देशाबाहेर अजिबात नाही. या कागदावर सीमा ओलांडता येत नाही. बव्हेरियात इथेच लोक फसतात: डॉइचलांड टिकीट (देशभरच्या लोकल गाड्यांचा मासिक पास) ऑस्ट्रियातल्या झाल्सबुर्गपर्यंत चालतं, म्हणून तिथवर जायला हरकत नाही असं वाटतं. गार्मिशहून केंप्टनकडे जाणारी रेल्वे तर मधेच ऑस्ट्रियातून जाते. मुलींना घेऊन सहज फिरायला निघाले तरी आधी नकाशा बघा. आणि मायदेशी जाऊन आलं तर अर्ज चालवायची इच्छा नाही असं धरून तो बंद होतो, कारण आजारपण असो की मयत.

न्यूरेंबर्गची_मावशी

बेकरीबद्दल: सोमवारपासून नाही. ३ महिने झाल्यावर परवानगी मागता येते, पण ती आपोआप मिळत नाही आणि एका ठरावीक नोकरीपुरतीच असते. बेकरीवाल्याने 'नोकरीसंबंधी घोषणापत्र' भरायचं: काम काय, आठवड्याचे तास किती, ताशी पगार किती. ते लांडराट्सआम्टमधल्या (जिल्हा कार्यालय) आउसलेंडर ऑफिसला, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला द्यायचं, तिथून ते रोजगार संस्थेकडे जातं. पगार किमान दराखाली (२०२४ मध्ये ताशी १२.४१ युरो) असेल किंवा तासांचा रकाना कोरा असेल तर तिथेच अडकतं. दोन महिन्यांनी दुसरी बेकरी धरली की पुन्हा पहिल्यापासून.

'दोन दिवस बघू कसं जमतंय' म्हणून फुकट राबवून घेतात, तेही कामच. इंटर्नशिपलाही परवानगी लागते. स्वतःच्या नावावर डिलिव्हरीचा धंदा या कागदावर करता येत नाही. निवासात झाडलोटीसारखी ताशी ८० सेंटवाली कामं मात्र या परवानगीत येत नाहीत. ती सबळ कारणाशिवाय नाकारली तर मदत कापली जाते.

नोकरी सुरू झाली की तिसऱ्या दिवसापर्यंत मदत देणाऱ्या कार्यालयाला कळवायचं. कमाईतला २५ टक्के भाग (मर्यादेपर्यंत) हिशेबात धरत नाहीत, बाकी मदतीतून वजा होते. लपवली तर वसुली येते.

मुलींची शाळा सुरू आहे ना? बव्हेरियात आल्यापासून ३ महिन्यांनी शाळा सक्तीची होते.

इसारकाठची

शाळा सुरू आहे. आणखी एक: त्यांना पुढच्या महिन्यात शेजारच्या गावातल्या घरात हलवणार आहेत. नगरपालिकेत पत्ता नोंदवला की पुरे ना?

लेखकोरेगाव

पुरे नाही! बरेच अर्ज इथेच मरतात. बाम्फला वेगळं, आउसलेंडर ऑफिसला वेगळं आणि कोर्टात खटला असेल तर कोर्टाला वेगळं कळवायचं. सरकारनेच हलवलं तरीही. चार ओळी पुरतात: चौघांची नावं, जन्मतारखा, बाम्फचा फाइल नंबर, जुना पत्ता, नवा पत्ता, सही. फॅक्स करा आणि पोचपावती जपा. कळवलं नाही तर जुन्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र टपालात टाकल्या दिवशीच मिळालं असं मानतात, परत आलं तरी. मुलाखतीचं बोलावणं असं हुकलं की प्रकरण बंद. ते पुन्हा उघडायला एकदाच संधी असते, तीही ९ महिन्यांच्या आत.

नव्या घराच्या टपालपेटीवर आडनाव लावा, कागदावर जसं लिहिलंय तस्संच. अफगाण नावांची स्पेलिंगं दर कार्यालयात बदलतात.

आणि पिवळा लिफाफा, म्हणजे निकालपत्रासारखी सरकारी पत्रं ज्यात येतात तो. त्यावर पोस्टमन हाताने तारीख टाकतो, मुदत त्या तारखेपासून मोजतात. लिफाफा पत्राला टाचून ठेवा. समजा तारीख २० नोव्हेंबर आहे आणि अर्ज नाकारलाय, तर कोर्टात जायला ४ डिसेंबरपर्यंत वेळ. 'उघडपणे निराधार' म्हणून नाकारला असेल तर फक्त २७ नोव्हेंबरपर्यंत, आणि हद्दपारी थांबवण्याचा तातडीचा अर्जही त्याच आठवड्यात.

आउग्सबुर्ग_वाचक

मुलाखतीबद्दल. सगळी कारणं तिथेच सांगायची असतात, मागाहून जोडलेल्या गोष्टींवर विश्वास बसणं कठीण जातं. तारखांकडे फार लक्ष द्या. अफगाण लोकांच्या डोक्यात त्यांचं सौर पंचांग असतं. महिने राशींचेच: असद म्हणजे सिंह. काबूल तालिबानच्या हातात गेलं ती १५ ऑगस्ट २०२१ त्यांच्याकडे २४ असद १४००. घाईत ६२१ मिळवून वर्ष काढलं तर वर्षाच्या शेवटच्या सुमारे अडीच महिन्यांत एक वर्ष चुकतं, आणि नवरा-बायकोच्या जबाबात फरक पडला की प्रश्न तिथेच सुरू होतात. घटना त्यांनी आपल्या पंचांगात सांगाव्यात, रूपांतर दुभाष्याला करू द्यावं.

दुभाषी दारी की पश्तो हवा, आणि बायकोला स्त्री अधिकारी व स्त्री दुभाषी हवी का, हे आधीच लेखी मागा. शेवटी जबाब परत वाचून दाखवतात, उशीर झाला म्हणून ते सोडू नका. चूक सुधारल्यावरच सही.

तुमच्यापुरतं: फॉर्म समजावणं, सोबत जाणं, तारखा कॅलेंडरवर लिहिणं, हे करा. 'काय सांगितलं तर चालेल' हे मात्र सांगू नका. विनामूल्य कायदेशीर सल्लाही इथे कायद्याच्या जाणकाराच्या मार्गदर्शनाखालीच देता येतो. कारितास किंवा दियाकोनी या चर्चच्या सेवासंस्थांच्या आश्रय सल्ला केंद्रात मुलाखतीआधीच वेळ घ्या. युरोपचे नवे आश्रय नियम लागू होण्याची तारीख जून २०२६ ठरली आहे, तेव्हा हा धागा नंतर वाचणाऱ्यांनी मुदती तिथेच पडताळून घ्याव्यात.

न्यूरेंबर्गची_मावशी

नकार आला आणि वकील मिळेना, तरी मुदत जाऊ देऊ नका. प्रशासकीय कोर्टात तोंडी सांगितलेलं लिहून घेणारी खिडकी असते. निकालपत्र, लिफाफा आणि ओळखीचा कागद घेऊन जायचं. कोर्ट फी नाही. कारणं सविस्तर मांडायला निकालपत्र मिळाल्यापासून महिना असतो. जर्मन येणारं कुणी सोबत न्या आणि सकाळी लवकर जा, शुक्रवारी दुपारी बहुतेक ठिकाणी कुणी भेटत नाही.