मदत हवी आहे: खर्रा आणि दारूबद्दल सहावी ते आठवीच्या तासिकांत काय घ्यावं?

नमस्कार. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवतो. यंदा आठवड्याची एक तासिका व्यसनप्रतिबंधासाठी मिळाली आहे. (खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण.) ती वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं.

शपथ, प्रभातफेरी, घोषणा हे सगळं होतं. (तंबाखूविरोधी दिन ३१ मेला, तेव्हा आमच्याकडे शाळाच बंद!) कर्करोगाची चित्रं दाखवली की पोरं क्षणभर गप्प होतात, एवढंच. त्यापेक्षा तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का हे करून पाहायला लावलं, तेव्हा प्रश्नांवर प्रश्न आले. सुपारीने तोंड आतून कडक होतं आणि नीट उघडत नाही, हे त्यांना लगेच पटलं, कारण गावात अशी माणसं ते रोज बघतात.

दिल्ली आणि चेन्नईच्या ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात 'मैत्री' नावाचा उपक्रम झाला होता. वर्गातलेच निवडक विद्यार्थी गटचर्चा घ्यायचे, नकार द्यायचा सराव व्हायचा, पालकांना पोस्टकार्डं जायची. तंबाखूचा वापर रोखण्यात त्याचा उपयोग दिसला. मला तीच दिशा योग्य वाटते.

पण माझी अडचण वेगळी आहे. मित्राला 'नको' म्हणायला शिकवता येतं. इथे पानठेल्यावरून खर्रा आणायला बाप किंवा काकाच पाठवतो, आणि आणता आणता चिमूट तोंडात जाते. दारूची बाटलीही तशीच पोराच्या हाती घरी येते. बारा वर्षांच्या पोराने बापाला नकार कसा द्यायचा? १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकणं २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने (कोटपा) गुन्हा आहे. शाळेबाहेर ही हद्द दाखवणारी पिवळी रेघ आम्ही आखली, पण ठेलेवाला शेजारचाच, पालकसभेत बसणारा.

म्हणून विचारतो:

पालकांना, विशेषतः वडिलांना, न दुखावता सभेत हा विषय कसा काढलात? ग्रामसभेत ठराव घेऊन ठेला कुणी हलवला आहे का? गडचिरोलीत 'मुक्तिपथ' या दारू-तंबाखूमुक्तीच्या उपक्रमासोबत काम केलेले कुणी इथे असतील तर गावपातळीवर सुरुवात कुठून केली ते सांगा.

आणि सर्वांत महत्त्वाचं: जी दोन-चार मुलं आधीच खातात, त्यांना वर्गासमोर न आणता मदत कशी करायची? नाव काढलं की ती शाळाच सोडतील, ही भीती मला आहे.