गेटवर सोडून परत फिरावं का?

‘पालकांनी मुलांना मैदानाच्या गेटवर सोडावं आणि सरळ घरी जावं’ असं एक मत आहे; ते मला निम्मंच पटतं. हरणं, संघातून वगळलं जाणं, कोचचा ओरडा यांपासून मुलांना वाचवू नये. दादोजी कोंडदेव स्टेडियमला कठड्यावरून ‘पाय पुढे टाक!’ ओरडणारे बाबा तर कोचलाही नकोसे होतात. (ठाण्यात त्यांची वानवा नाही.)

पण शरीराचं काय? वाढीच्या वयात गुडघ्याखाली, टाचेत हाडाचा वाढणारा भाग नाजूक असतो. संघातली जागा जाईल म्हणून पोरं दुखणं लपवतात. आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी आणि वर्षात मिळून तीनेक महिने त्या खेळापासून लांब, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सुचवतात. आपल्याकडे मे महिना म्हणजे दुप्पट सराव!

कौतुकापासूनही जपावं लागतं. कल्याणच्या प्रणव धनावडेने जानेवारी २०१६ मध्ये शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या, मुंबई क्रिकेट संघटनेने (एमसीए) शिष्यवृत्ती दिली. पुढे फॉर्म गेल्यावर ती थांबवा, असं रिक्षा चालवणाऱ्या त्याच्या वडिलांनीच कळवलं. मला तो निर्णय फार मोठा वाटतो. सोसायटीच्या ग्रुपवर दहा वर्षांच्या पोराला ‘पुढचा रोहित’ म्हणणाऱ्यांना हे कोण सांगणार?