मदत हवी आहे: मागच्या गर्दीतली माणसं जिवंत वाटतील असे सिनेमे सुचवा

नमस्कार मंडळी,

पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. सिनेमातलं मला फार कळत नाही. आठवड्याला एखादा बघतो, तोही जेवणं-भांडी आवरल्यावर. पण दिवाळीनंतर आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. दोन वर्षं नुसता टीव्हीचा आवाज ऐकणारी बाई आता सोफ्यावर मला सरकवून मधोमध बसते. दर रविवारी एक सिनेमा हे ठरूनच गेलंय. माझी अडचण तिथूनच सुरू होते.

आई अडुसष्ट वर्षांची आहे. माहेर निपाणीकडचं, त्यामुळं मराठीबरोबर कानडीही येतं, हिंदी समजतं. खालच्या पट्टीतल्या ओळी वाचायला गेली की चित्र निसटतं, म्हणून सबटायटल बाद. आणि आवडलं नाही की भांडण न करता सरळ झोपते.

सुरुवात 'लापता लेडीज'नं केली. 2001 सालची गोष्ट, रेल्वेत घुंगटामुळं दोन नवऱ्या मुलींची अदलाबदल होते. मला गोड वाटला, थोडा शिकवणी घेतल्यासारखाही. आई त्या नवऱ्या मुलींपेक्षा स्टेशनवरच्या चहावाल्या मंजू माईकडंच बघत होती. "हिच्या हातचा चहा चांगला असणार, बघ कशी उभी हाय." संपल्यावर तिला नायकाचं नाव सांगता येईना, पण स्टेशनवरचा छोटू आणि अपंगाचं सोंग घेतलेला भिकारी मात्र पक्के लक्षात.

मग 'वाळवी'. माझ्या मते अलीकडच्या मराठीतला सगळ्यात घट्ट बांधलेला रहस्यपट. बायकोच्या खुनाचा बेत आणि त्याचा उडालेला बोऱ्या. मी खुर्चीच्या टोकाला, आई अर्ध्या तासात घोरायला लागली. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला सिनेमा आहे गं म्हटलं, तर डोळे न उघडताच "मिळू दे की."

'तुंबाड' मी एकट्यानंच बघितला. त्यातला पाऊस बघून गगनबावड्याचा जुलै आठवला. तो आईला दाखवायचं धाडस अजून झालेलं नाही.

'महाराजा'ची चूक तर सांगायलाही लाज वाटते. विजय सेतुपती, कचऱ्याचा डबा चोरीला गेल्याची पोलिसांत तक्रार, हिंदी डबिंग. मला वाटलं विनोदी असणार! पुढं तो कुठं जातो हे बघितलेल्यांना माहीत आहे. आईशेजारी बसून बघायचा तो सिनेमा नव्हे. मधेच "नेट गेलं" म्हणून बंद केला. आईनं माझ्याकडं असं बघितलं की नेट गेलेलं नाही हे तिला कळलं होतं.

'कांतारा'ला तिनंच हट्ट धरला, कानडीतूनच लाव म्हणून. दहा मिनिटांत, "ह्ये कसलं रे कानडी? आमच्यात असं न्हाई बोलत." शेवटी हिंदी लावावं लागलं. पण कंबळाची शर्यत आली आणि बाई ताठ बसली. आमच्या कोल्हापुरात पाडव्याला म्हशी सजवून पळवतात ते बघत आलेली ती, तिला चिखलातली म्हशींची शर्यत समजावून सांगावी लागत नाही. ती बघत होती जोडीमागं धावणाऱ्याला नव्हे, कडेच्या गर्दीला. "ती लोकं खोटी ओरडत न्हाईत," म्हणाली. शेवटच्या भूतकोलाला, म्हणजे अंगात दैवत येऊन नाचायच्या विधीला, मी थरारलो. तिनं हात जोडले. आमचं तिथं जुळलं, कारणं वेगळी असतील.

आणि मग 'मंजुम्मल बॉईज'. केरळातल्या मंजुम्मल गावची पोरं कोडाईकनालला सहलीला जातात, गुणा केव्हजमध्ये त्यांच्यातला एक खोल कपारीत पडतो. 2006 साली खरंच घडलेलं. पहिला अर्धा तास मला रटाळ वाटला होता. पोरं नुसती गाडीत गाणी म्हणतात, एकमेकांच्या खोड्या काढतात. आई मात्र तिथंच अडकली. "आपल्या तालमीतलीच पोरं ही. ह्यो जाडा बिनकामाचा, त्यो गाडीवाला सगळ्यांची उसाभर करणार." ही पोरं रस्सीखेचीच्या संघातली असतात हे सुरुवातीला मी लक्षातच घेतलं नव्हतं. शेवटी दोर ओढायची वेळ आली तेव्हा आई सोफ्यावर बसल्या बसल्या टाचा रोवत होती. मी सिनेमा सोडून तिलाच बघत होतो.

त्या रात्री मला लिंक लागली. माझे आजोबा, म्हणजे आईचे सासरे, पन्नासच्या दशकात कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओत सिनेमांत मावळा म्हणून उभे राहायचे. नाव पाटीवर कधीच आलं नाही. आई लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्या घरात जुना सिनेमा लागला की सगळे नायकाला सोडून मागच्या रांगेत आजोबा शोधायचे. एका पाठमोऱ्या मावळ्यावरून दोन काकांचं अजून एकमत नाही. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांची आठवण म्हणून. आमच्या घरची आठवण म्हणजे ती पाठ. आईला सिनेमा बघायची सवयच तशी लागली. मागची माणसं बघायची. ती खरी असली तर ती जागी, नुसती उभी केलेली असली तर झोप. 'वाळवी'त मागं माणसंच नाहीत, तिनं तरी काय करायचं?

तर मदत अशी हवी आहे:

गर्दीतली, दुकानातली, शेजारपाजारची माणसं जिवंत वाटतील असे सिनेमे सुचवा. प्रकार कुठलाही चालेल, भुताचासुद्धा. मराठी किंवा हिंदी, नाहीतर बरं हिंदी डबिंग असलेला. रक्तपात बेतानं. आणि बायकांवरचे अत्याचार डोळ्यांसमोर दाखवणारा नको, त्यात मी आधीच भाजलोय.

दुसरं, थिएटरला नेऊ का? गेल्या महिन्यात एका ठिकाणी नेलं होतं, आत पायऱ्यांना कठडा नाही आणि अंधारात तिचा पाय चुकता चुकता राहिला. तेव्हापासून ती नको म्हणते.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १:
आईंना साष्टांग नमस्कार सांगा. कानडीचं कोडं सोपं आहे. 'कांतारा'तली माणसं किनारपट्टीची, कुंदापूर भागातलं कन्नड बोलतात. निपाणी-बेळगावकडचं कानडी मराठीत भिजलेलं. आमच्या बेंगळुरूच्या शेजाऱ्यांनाही पहिली काही वाक्यं जड गेली होती. आईंचं काही चुकलं नाही.

प्रतिसाद २:
'एलिझाबेथ एकादशी' दाखवा. पंढरपूर, ऐन एकादशीची गर्दी आणि सायकल वाचवायला धडपडणारी पोरं. दिग्दर्शक परेश मोकाशीच, म्हणजे 'वाळवी'वाल्यांनाही दुसरी संधी मिळेल :)

प्रतिसाद ३:
'दृश्यम' चालेल की. मूळ मल्याळम 2013 चा, पण आईंसाठी निशिकांत कामतांचा हिंदीच बरा. त्यात अख्खं गाव साक्षीदार आहे, मागची माणसंच तर सगळी गोष्ट पेलतात. बघितलेल्यांनी इथं शेवट फोडू नये, कृपा करून.

प्रतिसाद ४:
थिएटरबद्दल. दुपारचा खेळ घ्या, दिवे चालू असतानाच वीस मिनिटं आधी आत जा आणि ज्या दारानं आत येता त्याच पातळीवरची रांग मागा. तिकीट खिडकीवर विचारलं तर सांगतात, ऑनलाइन नकाशात पायऱ्या कळत नाहीत. आमच्या सासूबाईंना आम्ही असंच नेतो. मध्यंतरात उठायचं नाही, चहा जागेवर आणून द्यायचा.

प्रतिसाद ५:
'तुंबाड' आईंना दाखवायला काय हरकत आहे? ती शेवटी लोभाची गोष्ट आहे, आजीनं सांगितल्यासारखी. रक्त आहे, पण थोडकंच.

धागाकर्ता:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री 'एलिझाबेथ एकादशी' लावला. आई पूर्ण जागी. मधे एकदाही गॅस बघायला उठली नाही. पोरं बांगड्यांचं दुकान मांडतात तिथं मात्र तिनं मला थांबवायला लावलं. मागं एक बाई बांगड्या बघत उभी आहे, ती गिऱ्हाईक वाटत नाही म्हणे. "हिला घ्यायच्याच न्हाईत. हात पुढं करायच्या आधी बाई भाव विचारती." मग तोच भाग तिनं दोनदा बघितला आणि त्या बाईला माफ केलं, कारण शेजारच्या पोरीनं बांगडी बरोबर धरली होती.

'दृश्यम' पुढच्या रविवारी. 'तुंबाड'चं अजून धाडस होत नाही, पण आईला नुसतं सांगितलं की त्यात कणकेची बाहुली आहे. तिनं पहिला प्रश्न विचारला: "कणीक कोण मळतंय?"