विषय: मोठ्या मुलांना परकी भाषा शिकवताना वर्गात चालेल असं काय आहे?

प्रेषक: फ्रेंचवाली

नमस्कार मंडळी,

मंडळात भाषा शिकवणारे बरेच जण आहेत, म्हणून इथेच विचारते. या सत्रापासून मी १३ ते १६ वयाच्या मुलांना फ्रेंच शिकवतेय. सगळी नवशिकी, अगदी ए-वन पातळी, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवरची पहिली पायरी. पुस्तक वाईट नाही. पण "माझ्याकडे एक मांजर आहे, मांजर काळी आहे" हे नुकती मिसरूड फुटलेल्या मुलाकडून वदवून घेताना मलाच ओशाळल्यासारखं होतं.

नेटवर साहित्याचा महापूर आहे. पण त्यातलं निम्मं बालवाडीचं, टाळ्या वाजवत रंगांची नावं म्हणण्याचं, आणि उरलेलं नोकरीच्या मुलाखतीचं. मधल्या वयासाठी कुणी काही केलेलंच नाही की काय? रविवार शोधण्यात जातो, चार वर्कशीट छापते आणि सोमवारी दहा मिनिटांत त्यांचा फडशा पडतो. पुढची तीस मिनिटं मी घड्याळाकडे बघते, मुलंही.

तुम्ही काय वापरता? लिंक, खेळ, काहीही चालेल.

---

प्रेषक: जर्मनवाले काका

अगं, तुझी ती मांजर मी सव्वीस वर्षं पाळली. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

पंधरा वर्षांच्या मुलाची अक्कल पंधरा वर्षांची असते आणि नव्या भाषेतली जीभ मात्र चार वर्षांची. साहित्य शोधताना आपण जिभेचं वय बघतो आणि अकलेचं विसरतो. म्हणून माझी चाळणी उलटी आहे: भाषा सोपी असू दे, पण प्रश्न त्यांच्या वयाचा हवा. "हे काय आहे?" हा चार वर्षांचा प्रश्न. "यातलं खोटं कोण बोलतंय?" हा पंधराचा. दोन्हींना लागणारे शब्द जवळपास तेच.

यावर हमखास चालणारा जुना खेळ म्हणजे 'अॅलिबाय'. वर्गात काल रात्री आठ ते दहा या वेळात एक गुन्हा घडलाय असं ठरवायचं. दोघा संशयितांना बाहेर पाठवायचं. ते पाच मिनिटांत ठरवतात की त्या वेळी आपण एकत्र कुठे होतो, काय केलं, काय घातलं होतं, घरी कसे गेलो. तेवढ्या वेळात बाकीचे गटागटाने प्रश्न तयार करतात. मग एकेकाला आत घेऊन उलटतपासणी. एक म्हणतो बसने गेलो, दुसरा म्हणतो चालत, की पकडले! भूतकाळाचे तक्ते घोकून जे झालं नाही ते इथे होतं, कारण क्रियापद चुकलं तर माणूस अडकतो. साहित्य शून्य. पण एक पथ्य: प्रश्नार्थक शब्द आणि पंधराएक क्रियापदं आधी फळ्यावर हवीत, नाहीतर मुलं पाचव्या मिनिटाला आपल्या भाषेवर येतात.

दुसरं, धावतं श्रुतलेखन. आठ-दहा ओळींचा उतारा वर्गाबाहेरच्या भिंतीवर चिकटवायचा. जोडीतला एक धावत जाऊन वाक्य डोक्यात भरून आणतो आणि दुसऱ्याला सांगतो, दुसरा लिहितो. अर्ध्यावर भूमिका बदलायच्या. शेवटच्या तासाला पेंगणारा वर्गही जागा होतो. शेजारच्या वर्गाची तक्रार येईल, ती ऐकून घ्यायची.

दोन्हींत गोम एकच आहे: एकाला माहीत आहे ते दुसऱ्याला नाही, म्हणून बोलावंच लागतं. कुठलंही साहित्य हाती आलं की मी एवढंच तपासतो. "तुझं नाव काय?" हे ज्याचं नाव सहा वर्षं माहीत आहे त्याला विचारायला लावलं, तर मुलं कंटाळणारच.

लिंक हवी असेल तर जर्मनसाठी डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेची 'निकोस वेग' ही फुकट व्हिडिओ मालिका आहे, ए-वनपासून बी-वनपर्यंत, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत. एक तरुण जर्मनीत येतो आणि सुरुवातीलाच त्याची बॅग जाते. पुढे काय, हे कळण्यासाठी मुलं भाग बघतात. फ्रेंचमध्ये आरएफआय या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या रोज दहा मिनिटांच्या बातम्या मिळतात, सोबत लिखित मजकूरही असतो. पण तुझ्या मुलांना तो पूर्ण झेपणार नाही. वीस सेकंदांचा तुकडा कापून घे, त्यातली देशांची नावं आणि आकडे टिपू देत. मजकूर अवघड असला तरी काम सोपं ठेवता येतं, ही सवलत आपण फार कमी वापरतो.

---

प्रेषक: जपानीवाली

काका, शंभर टक्के मान्य, फक्त अॅलिबायमध्ये बोलके चौघेच बोलतात हे सांगायचं राहिलं. माझ्या वर्गात दोन मुली सत्रभर तोंडातून शब्द काढत नव्हत्या. शेवटी मी बोलणं लिहिण्यावर आणलं: तीच उलटतपासणी चिठ्ठ्यांवर. कागद फिरतो, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल. पण त्या दोघींची पानं सगळ्यात लांब.

जपानीसाठी जपान फाउंडेशन या जपानी सांस्कृतिक संस्थेची 'एरिन' ही व्हिडिओ मालिका बघा. परदेशातून आलेली एक मुलगी तिथल्या हायस्कूलमध्ये शिकते, म्हणजे पात्रं याच वयाची. संवादाइतकेच वर्ग, क्लब, शाळेतले रिवाज दिसतात आणि मुलांचे खरे प्रश्न तिथे सुरू होतात. फ्रेंचवाली, तुलाही उपयोग आहे: आवाज बंद करून दाखव आणि संवाद त्यांनाच लिहू दे.

स्क्रीनवरच्या खेळांबद्दल माझं मत जरा वाकडं आहे. सेकंद मोजत उत्तर दाबायच्या प्रश्नमंजूषेत पहिल्या तीन मुलांना मजा येते, उरलेली तिसऱ्या प्रश्नानंतर रंग बघून दाबतात. शब्द पाठ करायला मात्र कार्डांची अॅप उत्तम. त्यातलंच क्विझलेट २००५ मध्ये अँड्र्यू सदरलँड या पंधरा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या फ्रेंचच्या शब्दांसाठी सुरू केलं, हे वर्गात सांगितलं की एरवी मान न वर करणारेही वर बघतात. कार्डं मात्र मुलांनीच करावीत. मी करून दिलेला संच कुणी उघडत नाही, वर्गमित्राने केलेल्यात चुका शोधायला सगळे पुढे.

वाचनासाठी एक माप: शंभर शब्दांत दोनापेक्षा जास्त अनोळखी नकोत. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००० साली मांडलेला हा ९८ टक्क्यांचा आकडा आहे, कुणाच्या मदतीशिवाय समजून वाचण्यासाठीचा. नवशिक्यांना खरं वर्तमानपत्र दिलं की का गळपटतात ते यावरून कळतं.

---

प्रेषक: एक आई

मी शिक्षिका नाही, पण घरात परदेशी भाषा शिकणारी चौदा वर्षांची लेक आहे. तुमचे मेल तिला वाचून दाखवले. तिचं म्हणणं जसंच्या तसं: "सगळ्यांसमोर उभं राहून नाटक करायला लावू नका. जोडीत चालेल. आणि टीचरला आवडणारं जुनं गाणं आम्हाला आवडतं असं समजू नका." कुठलं गाणं हवं ते तुम्हीच सांगा, म्हटलं, तर खांदे उडवले.

आणि हो, गृहपाठ सगळे भाषांतराच्या अॅपमधून करतात म्हणे. हे तिने सांगितल्याचं कृपया विसरा.

---

प्रेषक: फ्रेंचवाली

मंडळी, लेकीला सांगा, गुपित सुरक्षित आहे. माझ्याकडेही तेच चाललंय. मागच्या निबंधात एकाने असा काळ वापरला होता जो मी स्वतः विद्यापीठात शिकले.

म्हणून अॅपच वर्गात आणलं. प्रत्येक जोडीला एक फ्रेंच वाक्प्रचार दिला आणि आधी त्याचं शब्दशः चित्र काढायला सांगितलं. घशात मांजर असणे, सफरचंदांत पडणे, दोऱ्यांचा पाऊस पडणे. मग चित्रांवरून खरा अर्थ ओळखायचा आणि शेवटी अॅपला विचारायचं. सफरचंदांत पडणे म्हणजे भोवळ येऊन कोसळणे, हे कुणालाच आलं नाही. घशातलं मांजर म्हणजे आवाज खरखरणे. आपला घसा बिचारा नुसताच बसतो. (तर पुस्तकातली मांजर अशी कामी आली.) काका, तुमच्या जर्मनमध्ये काही कळलं नाही की "मला फक्त रेल्वे स्टेशन समजलं" म्हणतात ना? तेही सांगितलं. आता एक मुलगा प्रत्येक व्याकरणाच्या तासाला "स्टेशन, मॅडम" म्हणतो.

त्यातूनच फसव्या शब्दांचा तक्ता सुरू झाला. फ्रेंच 'लिब्रेरी' म्हणजे लायब्ररी नव्हे, पुस्तकांचं दुकान. जर्मन 'गिफ्ट' म्हणजे विष. मी त्यांना आपली शिक्षा सांगितली: मराठीत दंड आणि हिंदीत शिक्षण. फारच आवडली त्यांना, "दोन्ही बरोबर आहे" म्हणाली.

धावतं श्रुतलेखन पहिल्यांदा फसलं. उतारा लांब झाला, मुलं दाराशीच थांबून ओरडून सांगू लागली आणि दोघांनी फोनवर फोटो काढले. दुसऱ्यांदा सहा ओळी ठेवल्या आणि फोन टेबलावर जमा केले. तेव्हा जमलं. चिठ्ठ्यांची उलटतपासणी अजून केलेली नाही, पण माझ्याकडेही तशी एक मुलगी आहे, तिच्यासाठी करणार.

रविवारी मात्र आता शोधत बसत नाही. एक फोटो घेते, विकिमीडिया कॉमन्सवरचा, म्हणजे हक्कांची कटकट नको, आणि तो चार तास पुरवते. आधी त्यात काय दिसतं ते. मग चौकटीबाहेर काय असेल ते. मग दोन मिनिटांपूर्वी काय झालं असेल, आणि शेवटी त्यातल्या एकाने दुसऱ्याला पाठवलेला मेसेज. तिसऱ्या तासाला भूतकाळ त्यांनीच मागितला, कारण त्याशिवाय गोष्ट पुढे जाईना.

बुधवारी अॅलिबाय. गुन्हा कोणता ठेवायचा असं वर्गाला विचारलं. एकमताने ठरलं: प्रोजेक्टरची केबल चोरीला गेली. काका, गंमत म्हणजे केबल खरंच दोन दिवसांपासून सापडत नाहीये, आणि ज्याने सुचवलं त्यालाच मी संशयित केलंय.