तिरुपती पायी चढायचंय, सासूबाईंचा गुडघा आणि पितृपक्ष, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही देवगडकडचे. आंब्याचं सगळं आवरलं, आता लावणी, मग गणपती, त्यामुळे घरातून चार दिवस सुटका मिळणार ती विसर्जनानंतरच. सासूबाईंचा जुना नवस आहे, तिरुमलाला पायी चढून जाईन असा. वय ६७, डावा गुडघा पावसाळ्यात बोलतो, पण "गाडयेन जावन नवस फिटता काय?" ह्याच्यापुढे घरात कोणाचं काही चालत नाही. नवरा म्हणतो पितृपक्षात जा, तेव्हा देवाला कोण जात नाही, रांग कमी असेल.

तर विचारायचं असं की अलिपिरीवरून चढवू की श्रीवारी मेट्टूवरून? अलिपिरीला साडेतीन हजारच्या वर पायऱ्या आणि श्रीवारीला २४०० च्या आत, मग छोटाच बरा ना? ६५ च्या पुढच्यांची वेगळी सोय असते म्हणतात, तिथे मला सोबत सोडतील काय? आणि चढताना बॅगा कुठे टाकायच्या? फोंडा घाटाने कोल्हापूर आणि तिथून हरिप्रिया एक्सप्रेस एवढंच पक्कं आहे. येताना अंबाबाई करणारच, त्याशिवाय तिरुपती पुरी होत नाही असं आमच्याकडे मानतात, नवरात्रात तिकडून देवीला शालू येतो तो आई दरवर्षी टीव्हीवर बघतात. टूरवाल्याला विचारलं तर प्रत्येक प्रश्नाला "होतं ताई सगळं", बास.

प्रतिसाद:
ताई, पितृपक्षाचं गणित इकडचं, तिकडे चालत नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तमिळ लोकांचा पुरट्टासी महिना, व्यंकटेशाचाच, आणि त्यातल्या शनिवारी तर पाय ठेवायला जागा नसते. त्याच सुमाराला ब्रह्मोत्सव, म्हणजे देवळाचा वर्षाचा मोठा उत्सव. जायचंच असेल तर मंगळवार-बुधवार धरा. दिवाळीच्या आसपास ढकलाल तर तिकडचा खरा पाऊस तेव्हाच असतो, आपला संपला की त्यांचा सुरू, हे पण लक्षात ठेवा.

सीनियरच्या भानगडीत पडू नका, तुमचं वय बसत नाही तर विनाकारण ताटातूट होईल. ३०० रुपयांचं दर्शन दोघींचं एकत्र काढा, ऑनलाइनच, साधारण तीन महिने आधी सुटतात आणि भराभर जातात, म्हणजे तुम्हाला आत्ताच बसायला हवं. चालत गेलं की टोकन मिळतं वगैरे ऐकाल, ते नियम सारखे बदलतात, त्यावर विसंबू नका. साडी किंवा ओढणीसकट चुडीदार लागतो, मोबाईल देवळात नेता येत नाही.

दुसरा प्रतिसाद:
मी संगमेश्वरचा. छोटा मार्ग गुडघ्याला बरा हा हिशोब चुकीचा आहे, श्रीवारी म्हणजे दोनेक किलोमीटरमध्ये नुसता चढच चढ, दम खायला सपाटी नाही. अलिपिरी नऊ किलोमीटर, पण सगळा जीव पहिल्या टप्प्यात जातो, गाळी गोपुरम (त्या चढाच्या माथ्यावरचं गोपूर) गाठलं की मध्ये बरंचसं सपाट चालणं आहे, वर छप्पर आहे, पाणी आहे. शेवटी परत मोकाळीमेट्टूचा खडा चढ, रामानुजाचार्य तिथे गुडघ्यांवर चढले असं मानतात, म्हणून काही जण अजूनही तसेच चढतात (सासूबाईंना हे सांगू नका!!). बॅगा अलिपिरीला देवस्थानच फुकट घेतं आणि वर पोचवतं, पावती सांभाळा.

आता महत्त्वाचं. वाटेत पायवाट घाटरस्त्याला लागते खरी पण तो रस्ता उतरणाऱ्या गाड्यांचा, चढणाऱ्या दुसऱ्या रस्त्याने जातात. म्हणजे आई मोकाळीमेट्टूला बसल्या तर तिथून गाडी मिळाली तरी ती खालीच नेणार. म्हणून काय ते गाळी गोपुरमलाच ठरवा, पुढे जाऊन नाही. आणि त्याआधी एकदा त्यांना आमच्या मार्लेश्वरला आणा, पाचशेभर पायऱ्या आहेत. ते चढून उतरून दुसऱ्या दिवशी गुडघा कसा आहे बघा, अलिपिरी म्हणजे अशी सात मार्लेश्वर एका दमात.

मूळ धागा लिहिणारी:
दोघांचेही आभार. पुरट्टासी हा प्रकारच माहीत नव्हता, नवऱ्याला वाचून दाखवला, गप्प आहे. मार्लेश्वरला आई एका पायावर तयार, फक्त तो दुसरा पाय कुठला तेवढं बघायचंय. आता अजून एक सांगा, हरिप्रियाला स्लीपरची वेटिंग पंधरावीसपर्यंत असेल तर क्लिअर होते काय, की सरळ थर्ड एसीच बघू?