मदत हवी आहे: मे महिन्यात पाहुणे, मुंज आणि मधेच हैदराबाद

मधुमालती
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, आजच ठरवायचं आहे. पहिल्या आठवड्यात नणंद मुलांसकट येतेय, ती गेली की पुतण्याची मुंज, मुंजीहून तशीच माहेरी, आणि महिनाअखेरीस सासूबाईंच्या बहिणी मुक्कामाला. या सगळ्यात मुलांना कबूल केलेलं हैदराबाद बसवायचंय. दोन दिवस पुरेत, शुक्रवार-शनिवार. गाडीला वेटिंग दाखवतंय. काय करू? आणि कृपा करून 'मे महिन्यात हैदराबादला कशाला' असं कोणी विचारू नका. ऊन आम्हालाही कळतं.

भटक्या
पण मे महिन्यात हैदराबादला कशाला? गोवळकोंड्याचे दगड अकरानंतर तव्यासारखे तापतात. डिसेंबरात जा.

कोथरूडकर
पुण्याहून शताब्दी. सकाळी सुटते, दुपारी सिकंदराबाद. फक्त मंगळवारी नसते. सगळी बसायची गाडी, त्यामुळे वरचा बर्थ-खालचा बर्थ ही भांडणंच नाहीत. आम्ही मेव्हण्याकडे कायम हिनेच जातो. डोळे मिटून काढा.

चिकित्सक
निघणार कुठून? किती जण? मुलं केवढी? कुठला वर्ग, वेटिंग किती? यातलं एकही अक्षर धाग्यात नाही, आणि कोथरूडकरांनी पुणं धरूनही टाकलं.

कोथरूडकर
मुंज पुण्यातच असणार ना.

चिकित्सक
असं कुठे लिहिलंय?

मधुमालती
मुंजीचं सोडा हो. माहेरी जाणार म्हटल्यावर तिथूनच निघणार, हे ओघानंच आलं. अजिंठा एक्स्प्रेस बघितली. चार जण आहोत.

चिकित्सक
ताई, अजिंठा मनमाडहून काचीगुड्याला, म्हणजे हैदराबादच्याच एका स्टेशनाला जाते. वाटेत बऱ्याच जणींची माहेरं आहेत. तुमचं कुठलं?

मधुमालती
संभाजीनगर. गुरुवारी रात्री बसायचं, सकाळी तिथे. थ्री एसी, वेटिंग २३ ते २६. आम्ही दोघं, मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार. आता सांगा.

लेट_लतीफ
बिनधास्त चढा. टीसी भला माणूस असतो, काहीतरी करून देतो. आम्ही आयुष्यभर असेच फिरलो.

रूळावरचा
लतीफराव, कृपया लोकांना अडचणीत टाकू नका. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगवर राहिलं तर आपोआप रद्द होतं, पैसे परत येतात. त्यानंतर गाडीत चढलात तर विनातिकीट. तुम्ही म्हणता तो खिडकीवरच्या तिकिटांचा जमाना, आणि त्यावरही आता आरक्षित डब्यात बसू देत नाहीत.

लेट_लतीफ
नियम माहीत आहेत. माणुसकी पण असते.

रूळावरचा
माणुसकीला बर्थ नंबर नसतो.

मधुमालतीताई, तुमची चार वर्षांची मुलगी मोजून चार तिकिटं काढताय का? पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला बर्थ हवा तर पूर्ण भाडं. बर्थ नको असेल तर बाल-भाडं, पण रात्रभर मांडीवर घेणार का? म्हणजे मागायचे बर्थ तीनच. आणि वेटिंग तसंच ठेवून तत्काळ बघा. गाडी सुरुवातीच्या स्टेशनावरून निघते त्याच्या आदल्या दिवशी, एसीला सकाळी दहा, स्लीपरला अकरा वाजता उघडतं. ऑनलाइन तत्काळला खातं आधारशी जोडलेलं लागतं, ते आजच करून टाका, बुधवारी सकाळी करत बसू नका. मात्र कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर छदाम परत मिळत नाही.

नाना_सातारकर
पूर्वी १२० दिवस आधी आरक्षण उघडायचं तेव्हा माणूस निवांत होता. नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस केलं. आणि ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली ती थांबवलीच. त्यावर कोणी धागा काढत नाही.

चिकित्सक
नाना, काढा ना तुम्ही. इथे नको.

कोथरूडकर
संभाजीनगरहून पुण्याला येऊन शताब्दी धरली तर?

मधुमालती
पाच-सहा तास उलटं येऊन मग हैदराबाद? काका, राहू द्या.

अनुराधा_नि
गाडीचं होईल. शुक्रवार कोणी सुचवला तुम्हाला? शुक्रवारी सालारजंग म्युझियम बंद असतं, चौमहल्ला पॅलेसही बंद. चारमिनारला त्या दिवशी दुपारच्या नमाजाची मक्का मशिदीपाशी तुफान गर्दी. म्हणजे मुलांना नेण्याजोगं जे जे सावलीतलं आहे ते नेमकं मिटलेलं, आणि उघडा तो गोवळकोंडा. भर उन्हात. शनिवार-रविवार करा.

सालारजंगला बारा वाजता पोहोचा. तिथे एक संगीत घड्याळ आहे, दर तासाला आतून छोटा माणूस येऊन टोले देतो. बाराला सगळ्यात जास्त टोले, म्हणून लोक आधीपासून खुर्च्या धरून बसतात. माझी मुलं बाकी सगळं विसरली, तो माणूस नाही विसरली. 'बुरख्यातली रेबेका'ही बघा: एकाच संगमरवरात चेहरा आणि त्यावरचा झिरझिरीत पदर. दगड आहे यावर विश्वास बसत नाही.
गोवळकोंडा दुसऱ्या दिवशी उघडल्या उघडल्या. फतेह दरवाज्यात टाळी वाजवली की वर बालाहिसारापर्यंत ऐकू जाते. एकाने खाली थांबायचं, बाकीच्यांनी चढायचं. दहाच्या आत खाली.

खवय्या
आणि बिर्याणी कुठे खाणार हे कोणीच विचारलं नाही! शाकाहारी असाल तर मात्र त्या पुलावाला बिर्याणी म्हणू नका.

भटक्या
खवय्या, व्हेज बिर्याणी असते.

खवय्या
नसते.

(यावर दोघांचे पुढचे सगळे प्रतिसाद संपादकांनी पाककृती विभागात हलवले आहेत.)

शांताराम_बापू
तिरुपतीचं दर्शन आधी ऑनलाइन बुक करा, नाहीतर फार वेळ उभं राहावं लागतं.

मधुमालती
बापू, तिरुपतीला कोण जातंय?

अनुराधाताई, शुक्रवारचं भारी सांगितलंत. पण शनिवार-रविवार केलं तर रविवारी संध्याकाळी काचीगुड्याहून निघून सोमवारी पहाटे माहेरी, आणि सोमवारीच मावशा आमच्या घरी येतायत. नाशिकला. दुपारी.

चिकित्सक
घर नाशिकला आहे हे आत्ता कळलं.

गोदाकाठ
मग संभाजीनगरला उतरताच कशाला? तीच गाडी पुढे मनमाडला जाते. परतीचं तिकीट मनमाडपर्यंत काढा, तिथून नाशिक जवळ. मावशांच्या आधी घरी पोहोचाल.

सौ_सडेतोड
किंवा मावशांना सांगा मंगळवारी या. सगळ्या मे महिन्याचा हिशोब एकटी सूनच का करतेय? नवरा काय करतो?

मधुमालती
नवरा आंब्याच्या पेट्या आणायला गेलाय.

गोदाकाठ, मनमाडचं सुचलंच नव्हतं, धन्यवाद. तेच करते. शुक्रवार रात्रीच्या गाडीला वेटिंग ११ आहे, आत्ता काढते. फक्त आमचं सामान माहेरी आहे, मुंजीचे कपडे, भांडी वगैरे, ते कसं आणू?

कोथरूडकर
भाऊ आहे ना माहेरी? त्याला मावशा आल्यावर घेऊन यायला सांगा. तेवढीच त्याचीही भेट.

मधुमालती
म्हणजे अजून एक पाहुणा.

रूळावरचा
ताई, तिकीट काढलंत का? आता वेटिंग १४ झालंय.