हजेरी तासाची की दिवसभराची?

मेढेकरीण: भाची साताऱ्यात अकरावीला आहे. कॉलेजचं नाव नको. यंदा हजेरी मोबाईलवर. ॲपला लोकेशन आवारात दिसलं की 'हजर'. परवा पोरगी दुसऱ्या बाकावर बसून लिहून घेतेय आणि तिचा ठिपका रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानावर! स्लॅबखाली जीपीएस भरकटतो. लागली गैरहजेरी. वर ॲपला परवानगी 'कायम' हवी, 'ॲप वापरताना' चालत नाही. म्हणजे मेढ्याला एसटीत चढल्यापासून रात्री अंथरुणावर पडेपर्यंत सगळं तिकडं जाणार?

खडूवाला: मी शिकवतो, म्हणून दुसरी बाजू. ७५ टक्क्यांचा नियम आम्ही नाही काढला. मस्टरवर ६० 'येस सर', मान वर केली तर २२ डोकी. परीक्षेआधी पालक येऊन आम्हालाच जाब विचारतात.

राजवाडा कट्टा: सर, फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन मॉक, म्हणजे खोटं लोकेशन लावलं की पोरगं पोवई नाक्यावर वडापाव खात 'हजर'. नाहीतर एकाच्या दप्तरात चौघांचे फोन. लबाड सुटतो, झेरॉक्सवालीची भाची अडकते 😄

मेढेकरीण: झेरॉक्सवाली नाही हो मी!

कोरेगावचा बाप: माझी मुलगी खोलीवर राहते. कुठं आहे ते कळलं तर बिघडलं काय?

मेढेकरीण: दादा, तुम्हाला कुठं कळतंय? कळतंय ॲपवाल्याला. तुम्हाला फक्त 'गैरहजर'चा मेसेज.

काळा कोट: खासगीपणा हा मूलभूत हक्क, हे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्येच पुट्टस्वामी खटल्यात सांगितलंय. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या आतल्या मुलांवर पाळत ठेवायला मनाई आहे. अकरावीची पोरं त्यातच आली. पण २०२५ च्या नियमांनी शिक्षणसंस्थांना सूट दिलीय, शैक्षणिक काम आणि मुलांची सुरक्षितता एवढ्यापुरती. आता तास संपल्यावरचं लोकेशन कुठल्या शैक्षणिक कामाचं, हे कॉलेजनं सांगावं. माझ्या मते तिथं सूट लागू होत नाही.

खडूवाला: 'कायम' कशाला, हे आम्हालाही कुणी सांगितलेलं नाही. सोमवारी विचारतो. मस्टर मात्र परत नको, हे माझं पक्कं.

मेढेकरीण: विचारा सर. तोवर भाची खिडकीपाशी बसतेय. तिथं ठिपका आवारात येतो, फळा दिसत नाही.